कोणाकडं आलात?

डिसेंबरचा पहिला रविवार होता. आमच्या चर्चमध्ये सकाळची उपासना सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. दुसरं गीत चालू होतं. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर वर्षा-दीड वर्षाचं लेकरू, पदराला धरून सात-आठ वर्षांची मुलगी. साडी स्वच्छ धुतलेली, पण हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. बघता क्षणी कळत होतं की ही साखर कारखान्यावर आलेल्या ऊसतोडीच्या टोळीतली आहे.

दाराशी आमच्यातले एक भाऊ उभे असतात. त्यांनी हळूच विचारलं, "कोणाकडं आलात?"

"उपासनेला," ती म्हणाली.

"या, या. बसा." भाऊंनी आत हात दाखवला. बाकांवर जागा होती. पण ती बाकाकडे गेली नाही. दाराजवळ, आमच्या चपलांच्या शेजारी, भिंतीला टेकून खाली बसली. कुणीतरी तिच्या हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक दिलं. तिनं ते न उघडताच मांडीवर ठेवलं. अर्पणाची थैली फिरली तेव्हा कनवटीची दहाची नोट काढून तिनं त्यात टाकली. उपासना संपली. आम्ही सगळ्याजणी नाताळच्या कार्यक्रमाचं ठरवायला पुढे जमलो. केक कुणी आणायचा, मुलांच्या नाटकातल्या मेंढपाळांना घोंगड्या कुठून मिळवायच्या, असं बरंच काही. मी वळून तिच्याकडे पाहिलं आणि छानसं हसले. ती पण हसली. बोलायला हवं असं वाटलं, पण म्हटलं, कुणीतरी बोलेलच. पाच मिनिटांनी पाहिलं तर ती निघून गेली होती.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि खरं सांगायचं तर, ती आली नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही!

मैत्रिणींनो, आपल्याकडे पाहुणचाराची काही कमी नाही. दारात कुणी आलं की पाणी, मग चहा, मग "जेवूनच जा" हे आपल्या रक्तातच आहे. तरीसुद्धा एखाद्या ठिकाणी माणूस येतो, कुणी त्याला वाईट बोलत नाही, कुणी हाकलत नाही, आणि तो परत येत नाही. असं का होतं? त्या बाईमुळे मला या प्रश्नापाशी थांबावं लागलं.

मी बचत गटांचं काम करते. त्या निमित्तानं जानेवारीत, मुलांच्या लसीकरणाच्या दिवशी, आरोग्य केंद्रातल्या ताईंबरोबर टोळीच्या कोप्यांवर गेले होते. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्रीची वाकून आत शिरावं लागणारी झोपडी. दिवाळीच्या आसपास बीड, पाथर्डीकडची कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथंच राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. पहाटे अंधारात फडावर जायचं, दिवसभर तोडायचं, बाईनं मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. रात्री ट्रक आला तर रात्रीही भरायचा. चुली-पाण्याचं, लेकरांचं काम त्याच्या पुढचं. रविवार म्हणून वेगळा नसतोच.

तिथं एका कोपीपुढे ती भांडी घासत होती. तिनंच मला ओळखलं.

"ताई, तुमी त्या चर्चमधल्या ना?"

मी ओशाळले. म्हटलं, "हो. अगं, परत आली नाहीस ती?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "कुणी वाईट काय बोललं न्हाई ताई. पर कुणी काय बोललंच न्हाई. मला वाटलं, तुमचं सगळ्यांचं घरचं काम चाललंय, आपण कशाला मधी."

मग हळूहळू बाकीचं कळलं. तिच्या माहेरी गावात ख्रिस्ती मंडळी आहे. लहानपणापासून ती उपासनेला जायची. त्या रविवारी कडेवरच्या बाळाला चार दिवसांचा ताप होता. मुकादमाकडे गयावया करून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन ती चालत आली होती. पाळकांकडून बाळासाठी प्रार्थना करून घ्यायची आणि इथं दवाखाना कुठं आहे ते कुणाला तरी विचारायचं, एवढंच तिच्या मनात होतं. दोन दिवसांनी कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून ती सरकारी दवाखान्यात गेली आणि बाळ बरं झालं. देवाची कृपा! पण मला आठवलं, त्या दिवशी माझ्या पुढच्याच बाकावर दोन परिचारिका बसल्या होत्या. चार पावलांवर. त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि त्यांना सांगायला तिला कुणी विचारलंच नाही.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. माझी आजी आठवत राहिली.

आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. (तेव्हाचं अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर.) पुढे गावोगाव जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. गावकुसाबाहेर राहणारे. आजी तिच्या आईची आठवण सांगायची. विहिरीवर तास तास उभं राहायचं, कुणी दया येऊन वरून पाणी ओतलं तर घ्यायचं. वाण्याच्या दुकानात पायरीखाली थांबायचं. आणि मग ती म्हणायची की चर्चमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा कुणीतरी "आत या" म्हणालं, तेवढ्यासाठी मी आत गेले. आम्ही त्या बाईची पणतवंडं. शिकलो, नोकऱ्या लागल्या, पक्की घरं झाली, चर्चला टाइल्स लागल्या. आणि आता आमच्याच दारात आलेल्या बाईला आम्ही विचारतो, कोणाकडं आलात? आणि ती चपलांपाशी बसते ते आम्हाला चालतं!

आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या सभासदांना 'मंडळी' म्हणतो. शब्द साधाच आहे. घरात "मंडळी जेवायला बसली" म्हणतो ना, तोच. पण मंडळीत कोण आणि मंडळीबाहेर कोण, हा प्रश्न आजचा नाही. अगदी पहिल्या शतकातल्या मंडळ्यांनाही तो चुकला नव्हता. पवित्र शास्त्रातलं याकोबाचं पत्र वाचलं तर वाटतं, हा माणूस आमच्याच चर्चमध्ये मागे बसून गेला की काय! त्यात तो विचारतो की सोन्याची अंगठी घातलेला, भारी कपड्यांतला माणूस सभेत आला तर तुम्ही त्याला चांगल्या जागी बसवता, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभं राहायला किंवा पायाशी बसायला सांगता, हा भेदभाव नाही का? करिंथ नावाच्या शहरातल्या मंडळीला पौलानं असंच खडसावलं आहे. तिथं सगळे एकत्र जेवायला जमायचे, पण सुखवस्तू लोक आधीच खाऊन-पिऊन तृप्त व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. यरुशलेमच्या मंडळीत तर रोजच्या अन्नवाटपात परभाषिक, ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर सुरू झाली. तेव्हा शिष्यांनी "असं काही नाही" म्हणून झटकून टाकलं नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि त्या कामासाठी सात माणसं नेमायला सांगितली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तक्रार ऐकली आणि व्यवस्था बदलली. नुसतं "प्रेम करा" सांगून ते थांबले नाहीत.

आमच्या मराठी मुलखातही अशी माणसं होऊन गेली. पंडिता रमाबाईंचंच बघा ना. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पण सदनात येणाऱ्या ब्राह्मण विधवांना आपला आचार पाळता यावा, वेगळा स्वयंपाक करता यावा, याची त्यांनी सोय ठेवली. इथं यायचं तर आमच्यासारखं व्हा, असं म्हटलं नाही. येणारीला काय लागतं ते आधी पाहिलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीनं खंगलेल्या शेकडो मुली-बायकांना केडगावला आणलं. (हे पुणे जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं केडगाव, आमच्या नगरजवळचं नव्हे.) त्यांत अंध बायका होत्या, तर त्यांच्यासाठी रमाबाईंच्या लेकीनं, मनोरमानं, ब्रेल लिपी शिकून घेतली आणि त्यांना शिकवली. रमाबाईंनी शेवटची कितीतरी वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली, ते का? संस्कृत कोळून प्यालेली ही बाई. पण तिला साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल असं भाषांतर हवं होतं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी पूर्ण छापून झालं. दुसऱ्याची गरज आधी पाहायची म्हणजे काय, तर आपली विद्वत्तासुद्धा बाजूला ठेवायची.

आणि नगरच्या लक्ष्मीबाई टिळक! रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मात्र लगेच झाल्या नाहीत. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या तेव्हाही काही काळ आपलं सोवळं, आपला स्वयंपाक वेगळा सांभाळून राहिल्या. मन हळूहळू बदललं आणि मग त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. त्यांचं 'स्मृतिचित्रे' वाचताना हसूही येतं आणि डोळेही भरतात. टिळक वाटेत भेटेल त्याला घरी घेऊन यायचे आणि घरात पीठ आहे का मीठ आहे, याचा हिशेब लक्ष्मीबाईंनी करायचा. अनाथ पोरं, निराधार माणसं, कवी, कुणीही. आपले बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी नगरला राहिले. ते हिंदूच होते, हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. आज कुणी विचारेल, त्यात धर्म कुठं आला? मला वाटतं, तोच तर धर्म होता.

पण एक गोष्ट आपण बायकांनी मोकळेपणानं बोलायला हवी. पाहुणे आणणारे टिळक आणि रांधणाऱ्या लक्ष्मीबाई! स्वागताचं कौतुक सगळ्यांचं, पण चुलीपुढचा घाम एकीचाच. हे मी पुढे सांगणार आहे, कारण आमच्या चर्चमध्ये यावरूनच सगळ्यात मोठा वाद झाला.

बुधवारी आमच्या स्त्री मंडळाची प्रार्थना असते. तिथं मी ही सगळी हकीकत सांगितली. माझीच चूक आधी सांगितली, त्यामुळे कुणाला राग यायचं कारण नव्हतं. तरी एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "चर्च सगळ्यांना उघडंच आहे की! आपण कुणाला अडवतो का?" दुसरी म्हणाली, "हे लोक चार महिन्यांचे. एप्रिलमध्ये जाणार. कशाला जीव लावायचा?" आणि एकीनं मनातलं सगळ्यांच्या वतीनं बोलून टाकलं, "एकाला विचारलं तर दहा येतील. मागायला." मी गप्प बसले. कारण डिसेंबरमध्ये मीही हसून काम भागवलंच होतं. मग त्या दोन परिचारिकांपैकी एक उठून म्हणाली, "ते बाळ माझ्या पाठीमागे तापानं फणफणत होतं आणि मी गाणं म्हणत होते. मला तरी हे चालणार नाही." विषय तिथंच संपला. नाही, तिथंच सुरू झाला!

आम्ही पहिल्यांदा काय केलं? उत्साहानं कोप्यांवर प्रार्थना घ्यायला गेलो. पेटी, टाळ, माईकसुद्धा. पाच गीतं, लांबलचक उपदेश. अर्धी लेकरं झोपली. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "बाई, चुलीवर कालवण हाय." आम्ही त्यांना न विचारता, आमच्या सोयीच्या वेळी, आमचा कार्यक्रम त्यांच्या अंगणात नेऊन मांडला होता! पुढच्या वेळी आधी विचारलं. त्या म्हणाल्या, अंधार पडल्यावर या, भाकरी झाल्यावर, आणि लवकर आटपा, पहाटे तीनला उठायचं असतं. मग आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास, चटईवर बसून. पुस्तक कुणाच्याच हातात नाही. एकीनं ओळ म्हणायची, सगळ्यांनी मागून म्हणायची. टिळकांनी आम्हाला भजन-कीर्तनाची वाट दाखवून ठेवलीच आहे, ती अशी उपयोगाला आली. ज्यांना यायचं त्या यायच्या. ख्रिस्ती नसलेल्याही बसायच्या, ज्यांना बसायचं नाही त्यांना आम्ही कधी बोलावलं नाही. प्रार्थनेनंतर परिचारिका ताई दहा मिनिटं थांबायच्या. ताप, खोकला, बाळंतपणाची तारीख, दवाखान्याचा केसपेपर कसा काढायचा, एवढंच.

दुसरी चूक त्याहून मोठी. कुणीतरी जुन्या साड्या गोळा केल्या. वाटताना आमच्या एका तरुणानं फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला. ती बाई, तीच, डिसेंबरवाली, शांतपणे उठली आणि कोपीत निघून गेली. तिनं साडी घेतली नाही. मी मागून गेले तर म्हणाली, "ताई, आमी घाम गाळून खातो." बस्स. तेव्हापासून वाटप बंद. तिला साडी नकोच होती. तिला लेकीची शाळा हवी होती. आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बोलून त्या टोळीतल्या पाच मुलांना हंगामापुरतं बसवून घेतलं. कशाची गरज आहे हे देणाऱ्यानं ठरवायचं नसतं, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता त्या वादाकडे येते. दरवर्षी आमच्याकडे प्रीतिभोजन असतं, म्हणजे सगळ्या मंडळीचं एकत्र जेवण. त्यासाठी घरटी वर्गणी आणि कूपन. कूपन नाही तर ताट नाही, असं कुणी म्हणत नव्हतं; पण ज्यांना वर्गणी परवडायची नाही ते त्या रविवारी बरोबर 'गावाला' जायचे. कितीतरी वर्षं जायचे, आणि आम्हाला वाटायचं, खरंच गावाला गेलेत! आम्ही कूपन बंद करा म्हटलं. कोपऱ्यात एक पेटी ठेवायची, ज्याला जे जमेल ते, कुणी कुणाकडे बघायचं नाही. खजिनदारांच्या कपाळावर आठ्या! पैसे कमी पडतील म्हणाले. थोडे पडलेही. जिलेबी रद्द झाली, वरण-भात, भाजी, बुंदी झाली. कुणाचं काही बिघडलं नाही.

पण खरा वाद पंगतीवरून पेटला. आमच्याकडे आधी पाहुणे आणि वडीलधारे पुरुष, मग बाकी पुरुष, मग मुलं आणि शेवटी सकाळपासून चुलीपाशी राबलेल्या बायका. शेवटच्या पंगतीला भाजीचा रस्सा आणि करपलेला भात. करिंथची गोष्ट आम्ही दरवर्षी वाचायचो, पण आपलं ताट तिच्याशी कधी जुळवून पाहिलं नव्हतं! आम्ही म्हटलं, या वेळी पहिल्या पंगतीला कोप्यांवरच्या बायका-मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका. समितीची माणसं सगळ्यात शेवटी. आणि वाढायचं, भांडी घासायचं पुरुषांनी. केवढा गदारोळ! "स्वागताच्या नावाखाली आमच्यावर काम ढकलता का?" असं एक भाऊ तावातावानं म्हणाले. तेव्हा पाळकीणबाई, ज्या एरवी कधी बोलत नाहीत, एवढंच म्हणाल्या, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. पातेलं धुवायला काय हरकत आहे?" सगळे हसले आणि वाद मिटला. भांडी नीट निघाली नव्हती, ती आम्ही दुसऱ्या दिवशी गुपचूप परत घासली. ते असो! पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी चर्चच्या जेवणात गरम भात खाल्ला.

आणि बाहेरच्यांसाठी जागा करायला निघालो तेव्हा आतलेही दिसायला लागले. आमच्या एक आजी दोन वर्षं उपासनेला येत नव्हत्या. गुडघे गेलेले, चर्चला तीन पायऱ्या. आम्ही नाताळला त्यांच्या घरी केक पोचवायचो आणि "आजी, घरीच प्रार्थना करा हं" असं प्रेमानं सांगायचो. कुणाच्या डोक्यात आलं नाही की पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार करता येतो. एका गवंडीभाऊंनी दोन दिवसांत करून दिला. आजी पहिल्या रविवारी चाकाच्या खुर्चीवरून आत आल्या आणि मला म्हणाल्या, "माझी जागा आहे का गं अजून?" मला उत्तर देता आलं नाही.

जागेवरून आठवलं. माझी स्वतःची एक जागा होती. उजवीकडे तिसरा बाक, खिडकीशेजारी, पंख्याखाली. लग्न होऊन आले तेव्हापासूनची. कुणी नवखं तिथं बसलं तर मी काही बोलायची नाही, पण शेजारी जाऊन उभी राहायची, मग तो माणूस आपोआप सरकायचा. आता मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते. खोटं कशाला बोलू, उन्हाळ्यात जड जातं! पण तिथून दार दिसतं. कोण आलं, कोण चपलांपाशी घुटमळतंय, कोण उपासना संपायच्या आधी डोळे पुसत निघून चाललंय, हे तिसऱ्या बाकावरून मला कधीच दिसलं नव्हतं. दाराशी उभे राहणारे भाऊही आता "कोणाकडं आलात?" विचारत नाहीत. "या, माझ्याबरोबर बसा," म्हणतात आणि खरंच बरोबर बसतात. पहिल्यांदा आलेल्या माणसाला उभं करून नाव-गाव सांगायला लावण्याची आमची पद्धत होती, तीही बंद केली. सगळ्यांना ते आवडत नाही. काहींना आधी नुसतं बसायचं असतं.

फेब्रुवारीत आमच्याकडे कापणीचा सण झाला. लोक आपापल्या शेतातलं, परसातलं काही ना काही आणतात. ज्वारी, हरभरा, कोंबडी, पपई. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. त्या दिवशी ती आली, बरोबर तिघी-चौघी. डोक्यावर उसाची मोळी! मुकादमाला विचारून आणली होती, हे तिनं आधीच सांगून टाकलं. तिची मोळी लिलावात ठेवली. खजिनदार भाऊंनीच बोली चढवली आणि त्यांनीच ती घेतली. मग जेवताना ती बसायला तयार होईना. म्हणाली, "मागल्या टायमाला तुमी वाढलं. आज मी वाढते." आणि तिनं वाढलं. मला वाटतं, त्या दिवशी ती आमच्या मंडळीतली झाली. नुसतं घेत राहणारा माणूस पाहुणाच राहतो. त्याच्या हातचं आपण घेतलं की तो घरचा होतो.

एप्रिलमध्ये टोळी गेली. ठरल्याप्रमाणे. जाताना ती भेटून गेली, लेकीचा शाळेचा दाखला पदरात घट्ट बांधून. यंदा ती टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली आहे. इथं आता नवीन टोळी आहे, नवीन माणसं आहेत, आणि आम्हाला पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागणार आहे, बाई, तुम्हाला कोणती वेळ सोयीची? सगळं काही सुरळीत झालं आहे असंही नाही. कूपन परत आणावं असं दर सभेत कुणीतरी म्हणतंच. थकायलाही होतं. पण त्या स्त्री मंडळातल्या काकू, "चर्च उघडंच आहे की" म्हणणाऱ्या, परवा कोप्यांवर जायला माझ्याआधी चपला घालून तयार होत्या.

हे सगळं मी माझ्या मंडळीचं सांगितलं, कारण मला तेच जवळून माहीत आहे. पण तुमचं देऊळ असेल, भजनी मंडळ असेल, बचत गट असेल, सोसायटीचा गणपती असेल. तिथंही एखादी दाराशी उभी असेलच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा वहिनींना अजून किती घरांतून बोलावणं जातं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं. पण आपल्या घरचं आमंत्रण द्यायला कुणाच्या ठरावाची वाट कशाला पाहायची?

पुढच्या वेळी कुठंही चार माणसांत बसाल तेव्हा एकदा मागे वळून चपलांपाशी कोण बसलंय ते बघा. आणि नुसतं हसू नका. उठा, तिच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "बाळ कसं आहे?"